कोम्योजीला जायचंय? आधी ओहोटीची वेळ बघा

जपानात नव्याने आलेल्या आपल्या लोकांची टोकियोपासून तासाभरावरच्या कामाकुराची पहिली सहल मी डोळे मिटून सांगू शकते. दहाच्या गाडीने निघायचं, स्टेशनसमोरच्या गल्लीत खाऊच्या दुकानांपुढे रांगा लावायच्या, एनोदेनच्या इवल्याशा गाडीत अंग चोरून उभं राहायचं, १२५२ साली ओतायला घेतलेल्या महाबुद्धासमोर फोटो काढायचा आणि पाय दुखत परत यायचं. माझीही पहिली फेरी अशीच झाली. महाबुद्ध बघायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच गावात, स्टेशनपासून बसने दहा मिनिटांवर, समुद्राला खेटून कोम्योजी नावाचं मंदिर आहे. १२४३ सालापासूनचं. प्रवेश फुकट. आणि बहुतेक सकाळी तिथे झाडणाऱ्या माणसाच्या खराट्याचा आवाज सोडला तर शुकशुकाट असतो.

गेली चार वर्षं मी दर दोन-तीन महिन्यांनी तिथे जाते. भारतातून कोणी पाहुणे आले की त्यांनाही नेते. पहिल्या काही फेऱ्यांत मी गाडी चुकवली, देवळात टाळ्या वाजवल्या आणि डबा घारीला दिला. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. दिवस ठरवा ओहोटीवरून

सगळे आधी गाडीची वेळ बघतात. तुम्ही आधी समुद्राची बघा. मंदिरापासून पाच मिनिटांवर वाकाएजिमा नावाचं दगडी बेट आहे. जपानात आजही शिल्लक असलेलं हे सगळ्यात जुनं मानवनिर्मित बंदर. भरतीला ते पाण्याखाली असतं, ओहोटीला वर येतं. वेळ चुकली की तुम्ही नुसत्या पाण्याकडे बघत उभे.

माझे आजोबा मुरूडचे. तिथीला पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हा त्यांचा हिशेब. पौर्णिमा-अमावास्येला आपल्याकडे भर दुपारी बाराच्या सुमारास भरती असते, तो याच हिशेबाने. मी हाच हिशेब मनाशी धरून पौर्णिमेच्या दुपारी बाराला इथे पोचले, भरतीच्या लाटा बघायला, आणि समोर ओलं, उघडं पडलेलं दगडांचं मैदान. कोकणचा हिशेब या किनाऱ्यावर उलटा पडतो. इथे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ओहोटी दुपारी अकरा-बाराच्या सुमारास असते आणि भरती पहाटे आणि संध्याकाळी. चूक माझी होती, फायदाही माझाच झाला.

म्हणजे सोपं गणित असं: भिंतीवरच्या पंचांगात पौर्णिमा किंवा अमावास्या शोधा, तिच्या पुढचे-मागचे दोन-तीन दिवस धरा, त्यात तुमची सुट्टी बसवा. त्या दिवशीची नेमकी वेळ जपानच्या हवामान खात्याच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते. सागामी उपसागरातलं, एनोशिमाजवळचं ठिकाण निवडा. जपानी कॅलेंडरवर या दिवसांना ओशिओ म्हणतात, म्हणजे आपलं उधाण.

अजून एक खोच आहे. दिवसाची खोल ओहोटी वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला मिळते. हिवाळ्यात समुद्र सगळ्यात मागे सरतो तो रात्री. तेव्हा डिसेंबरात जाल तर बेटाची आशा कमी ठेवा, बदल्यात फुजीची जास्त.

२. महिना निवडताना

एप्रिल-मे सगळ्यात चांगले. मंदिराच्या आवारात चेरीची झाडं आहेत आणि गर्दी बाकी कामाकुराच्या मानाने नगण्य. जुलैमध्ये तळ्यातली कमळं फुलतात. ती बघायची तर सकाळी लवकर, कारण दुपारपर्यंत फुलं मिटू लागतात. पण जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर पोहण्याचा हंगाम असतो, लाकडी टपऱ्या उभ्या राहतात, गाणी लागतात. शांतता हवी असेल तर त्या महिन्यांत सकाळी नऊच्या आत मंदिर उरकायचं.

१२ ते १५ ऑक्टोबर हे दिवस वेगळे. तेव्हा इथे जूया असते, दहा रात्रींच्या नामजपाची परंपरा. १४९५ साली सम्राट गो-त्सुचिमिकादो यांनी या मंदिराला ती करायची परवानगी दिली, तेव्हापासूनची. आता दहा रात्रींऐवजी चारच दिवस असतात. आवारात खाण्यापिण्याचे स्टॉल, रोपं विकणारे, रात्री उशिरापर्यंत माणसं. आपल्या गावच्या जत्रेची आठवण आली नाही तर सांगा. पण शांत मंदिर बघायला म्हणून त्या दिवसांत जाऊ नका.

१३ ते १६ ऑगस्टचा ओबोन आणि मार्च-सप्टेंबरमधला हिगान, या दिवसांत घरची माणसं पूर्वजांच्या थडग्यांवर येतात. आपल्या पितृपक्षासारखं समजा. जायला मनाई नाही, पण कोणाच्या घरच्या कार्यात आपण कॅमेरा घेऊन फिरतोय असं वाटतं. मी टाळते.

३. पिशवीत काय हवं

रेसिडन्स कार्ड. नव्यानं आलेले लोक ते घरी कपाटात जपून ठेवतात. ते कायम जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे. फिरायला आलेल्यांनी पासपोर्ट ठेवायचा.

सुइका किंवा पास्मो हे प्रवासाचं कार्ड, दोन हजार येन भरलेलं. गाडी आणि बस दोन्हीला चालतं.

सुटी नाणी, त्यात पाच येनची दोन-तीन. पाच येनचा उच्चार गो-एन, आणि एन म्हणजे जोडलं जाणं, आपला ऋणानुबंध. त्यामुळे दानपेटीत पाच येनचं नाणं टाकायची रीत आहे. दहा हजारची नोट घेऊन मंदिराचा शिक्का घ्यायला उभं राहू नका, त्याचं पुढे येईलच.

मोज्यांचा एक जास्तीचा जोड. देवळात बूट काढावे लागतात आणि लाकडी जमीन थंडीत बर्फासारखी असते. दुसरा जोड किनाऱ्यानंतर लागतोच.

हातरुमाल, कारण स्वच्छतागृहात हात पुसायला बहुधा काही नसतं. कचऱ्यासाठी पिशवी, कारण कचरापेटी शोधून सापडणार नाही. पाण्याची बाटली, टोपी. तळ न घसरणारे बूट. चपला नकोत, का ते पुढे येईलच.

आणि शाकाहारी असाल तर डबा. इथल्या नूडल्सच्या रश्शात दिसायला भाज्याच असतात, पण रस्सा माशाचा असतो. दुकानदाराला "मांस नाही ना?" विचारलं तर तो खरंच "नाही" म्हणतो, कारण त्याच्या लेखी मासा म्हणजे मांस नव्हे.

४. गाडी: दोन सापळे

मी टोकियोतल्या निशि-कासाईहून सांगते, कारण आपली निम्मी वस्ती तिथेच. तोझाई लाइनने ओतेमाची, तिथून जमिनीखालूनच चालत टोकियो स्टेशन, आणि मग योकोसुका लाइन. पहिला सापळा इथेच. योकोसुका लाइनचे फलाट टोकियो स्टेशनच्या पोटात खूप खोल आहेत. एकामागून एक सरकते जिने उतरतच राहायचं. नकाशावर "गाडी बदला, पाच मिनिटं" असं दिसलं तरी पंधरा धरा, लहान मूल बरोबर असेल तर वीस. गाडी झुशी किंवा कुरिहामाला जाणारी हवी. ओफुनापर्यंतचीच असेल तर ओफुनाला उतरून मागची झुशी गाडी घ्यावी लागते. टोकियोपासून कामाकुरा साधारण तासाभराचं.

शिंजुकू-शिबुयाकडून येणाऱ्यांसाठी दुसरा सापळा. शोनान-शिंजुकू लाइनच्या सगळ्या गाड्या कामाकुराला जात नाहीत. झुशीच्या जातात. ओदावाराकडच्या ओफुनानंतर वेगळ्या रुळावर वळतात. फलाट तोच, नाव तेच, डब्याचा रंग तोच. मी अशा गाडीत बसून झोपले आणि फुजिसावाला जागी झाले. तुम्ही चुकून बसलातच तर ओफुनाला उतरायचं, एवढं लक्षात ठेवा.

आणि चौथा-पाचवा डबा दोन मजली, खुर्च्या छान, दारावर हिरवं पानाचं चिन्ह. तो ग्रीन कार. त्याचं वेगळं तिकीट लागतं आणि गाडीत बसल्यावर घेतलं तर महाग पडतं. नव्या माणसाला वाटतं, वा, रिकामा डबा! तो रिकामा का आहे हे तिकीट तपासनीस येऊन सांगतो.

५. स्टेशनपासून मंदिरापर्यंत

पूर्वेच्या दारातून बाहेर या. सगळी गर्दी डावीकडे कोमाची गल्लीत शिरेल. तुम्ही शिरू नका. समोरच बसचे थांबे आहेत, कोत्सुबोमार्गे झुशी स्टेशनला जाणारी बस घ्या आणि चालकाला "कोम्योजी?" एवढं विचारा. थांब्याचं नावच कोम्योजी आहे. उतरलं की एका मिनिटात बाहेरचं दार दिसतं.

चालत जायचं असेल तर अर्धा तास. वाकामिया-ओजी या रुंद रस्त्यावर उजवीकडे वळायचं आणि नाकासमोर समुद्रापर्यंत जायचं. समुद्र आला की डावीकडे. नामेरी नावाची लहानशी नदी ओलांडली की युइगाहामाचा किनारा संपून झाइमोकुझाचा सुरू होतो. झाइमोकु म्हणजे इमारती लाकूड आणि झा म्हणजे व्यापाऱ्यांची संघटना. कामाकुरा राजधानीसारखं नांदत होतं तेव्हा लाकूड इथे उतरायचं. समुद्र उजव्या हाताला ठेवून चालत राहा.

पण माझा सल्ला, जाताना बसच घ्या. आधी मंदिर, मग समुद्र. उलटं केलंत तर पायात वाळू, पँट ओली, आणि दारात बूट काढताना पुजाऱ्यांनी घासून लख्ख केलेल्या फळ्यांवर तुमची वाळू सांडते. एकदा माझ्याकडून हे झालं. कोणी काही बोललं नाही. एक वयस्कर बाई आल्या, ओल्या फडक्याने पुसून गेल्या, वर हसल्याही. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मंदिर उन्हाळ्यात सकाळी सहाला, हिवाळ्यात सातला उघडतं आणि संध्याकाळी चार-पाचला बंद होतं. दुपारी साडेअकराची ओहोटी धरली तर नऊला मंदिरात असणं उत्तम.

६. दरवाजातून आत

दोन दारं लागतात. पहिलं साधं. त्यापुढचं सानमोन मात्र थांबून बघण्यासारखं, १८४७ सालचं, वीस मीटर उंच, कामाकुरातल्या मंदिरांच्या दारांत सगळ्यात मोठं. खालचा मजला जपानी धाटणीचा आणि वरचा चिनी, हे सांगितल्यावर दिसतं. मला तिसऱ्या फेरीला दिसलं. वरच्या पाटीवर तेनशोझान असं लिहिलं आहे, हे मंदिराचं डोंगरी नाव. बौद्ध मंदिराला इथे असं एक डोंगराचं नाव असतंच, मग ते सपाटीवर का असेना. इथे खरंच मागे टेकडी आहे. वरचा मजला एरवी बंद असतो.

दारात थांबून किंचित झुका, मग आत जा. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आजीने एवढं ओरडून शिकवलेलं असतं.

आत गेल्यावर मुख्य दालन. १६९८ सालची लाकडी वास्तू, राष्ट्रीय महत्त्वाचा वारसा म्हणून नोंदलेली. तिची मोठी दुरुस्ती चालू आहे आणि ती वर्षानुवर्षं चालणारी आहे, त्यामुळे छपराऐवजी पत्र्याचं आवरण आणि परांच्या दिसल्या तर हिरमुसू नका. पूजाअर्चा बाजूच्या दालनात होते. फोटोत बघितलेलं भव्य छप्पर दिसलं नाही म्हणून माझे एक पाहुणे दहा मिनिटं रुसले होते. काम संपायची वाट बघण्यात अर्थ नाही, बाकी सगळं उघडं आहे.

७. हात जोडताना

सगळ्यात नेहमीची चूक: टाळ्या. दोनदा वाकणं, दोन टाळ्या, पुन्हा वाकणं, हे शिंतो देवस्थानाचं. दारात तोरी म्हणजे लाल किंवा दगडी चौकट दिसली की ते शिंतो. बौद्ध मंदिरात टाळ्या नाहीत. मी पहिल्यांदा जोरात दोन टाळ्या वाजवल्या आणि शांत दालनात त्या कितीतरी वेळ घुमत राहिल्या असं मला वाटलं.

क्रम असा. टोपी काढा. उदबत्ती लावायची असेल तर ज्योत फुंकून विझवू नका, हाताने वारा घाला. नाणं पेटीत अलगद सोडा, फेकू नका. हात जोडा, मान झुकवा. आपला नमस्कार इथे जसाच्या तसा चालतो, त्याला गाश्शो म्हणतात.

आता काय म्हणायचं? हे मंदिर जोदो पंथाचं. होनेन या भिक्षूंनी हा पंथ सुरू केला, ११३३ ते १२१२ त्यांचा काळ. त्यांच्या शिष्याचे शिष्य र्‍योचू यांनी कोम्योजी स्थापलं, कामाकुराचे राज्यकर्ते होजो त्सुनेतोकी यांच्या आश्रयाने. होनेन यांचं म्हणणं थोडक्यात असं: मोठमोठे ग्रंथ, कडक साधना सगळ्यांना जमत नाही, अमिताभ बुद्धाचं नाव घ्या, तेवढं पुरे. "नामू आमिदा बुत्सु." हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमच्या गल्लीतले माळकरी काका आठवले. नामापुढे जात, शिक्षण, पैसा काही नाही, असं ते भाजी निवडता निवडता सांगायचे. त्यांचा विठोबा आणि हा अमिताभ एकच, असं मी म्हणत नाही. पण वारकऱ्याच्या घरातला माणूस इथे फार परका राहत नाही, एवढं खरं.

प्रार्थना चालू असेल तर मागे बसून ऐका. शेवटी दहा वेळा नाम घेतात. आठ वेळा "नामू आमिदा बु", नवव्यांदा पूर्ण "बुत्सु", दहाव्यांदा पुन्हा "बु" असं लांबवत, आणि त्याबरोबर सगळे झुकतात. नवव्याला सूर थोडा बदलतो, त्यावरून ओळखा. बरोबर म्हटलंत तर बरंच, नाही म्हटलंत तरी कोणी वळून बघत नाही.

मांडी घालून बसायला हरकत नाही, पण पाय मूर्तीकडे पसरू नका. मूर्तीचा आणि दालनाच्या आतला फोटो काढायचा नाही. बाहेर हवे तेवढे काढा. ट्रायपॉड नको.

८. दोन बागा आणि शिक्का

बागा दोन आहेत. एक तळ्याची, कमळांची. पलीकडे दुमजली दालन आणि मागे टेकडीची झाडी. ती कोबोरी एन्शू यांनी आखली असं परंपरेने सांगतात. सोळाव्या-सतराव्या शतकातले चहाविधीचे आणि बागांचे फार मोठे जाणकार ते. दुसरी कोरडी, पांढऱ्या खडीची. तिच्यातले आठ दगड म्हणजे अमिताभ आणि त्याचे दोन बोधिसत्त्व हे तिघे, आणि शाक्यमुनींपासून र्‍योचूंपर्यंतचे पाच गुरू. नवख्याला सगळे दगड सारखेच वाटतात. ओसरीवर पाय खाली सोडून बसा आणि कुठला कोण याचा अंदाज बांधा. पाच मिनिटांत कंटाळा येईल, दहा मिनिटांनी जाईल. खडीवर पाय ठेवू नका. त्या रेषा कोणीतरी सकाळी दाताळ्याने ओढलेल्या असतात.

गोशुइन म्हणजे मंदिराचा लाल शिक्का आणि त्यावर काळ्या शाईतली अक्षरं. घ्यायचा तर दर्शन आधी, शिक्का नंतर. त्यासाठी घडीच्या पानांची वेगळी वही मिळते. साध्या वहीवर किंवा पर्यटनाच्या पत्रकावर मागू नका. तो जत्रेतला छाप नव्हे, दर्शनाची नोंद आहे. तीनशे ते पाचशे येन, सुटे. लिहिणारे गृहस्थ कुंचला टेकवतात तेव्हा बोलू नका. पानावर शाई ओली असते, म्हणून ते मध्ये टिपकागद घालून देतात. तो काढून टाकू नका. मी टाकला होता, आणि माझ्या वहीत कोम्योजी दोन पानांवर आहे, एकदा सुलटं आणि एकदा उलटं.

९. मागची टेकडी

बरेच लोक इथूनच परत फिरतात. फिरू नका. दालनाच्या बाजूने मागे एक वाट चढते. पाच-सात मिनिटांचा चढ, पावसानंतर निसरडा. वाटेत नोबेओकाच्या नाइतो सरदार घराण्याची स्मशानभूमी दिसते, माणसापेक्षा उंच दगडी स्तंभ, शेवाळलेले, ओळीने. बाहेरूनच बघा. पुढे र्‍योचू आणि त्यांच्यानंतरच्या मठाधिपतींच्या समाध्या.

वर एक शाळा आहे. तिच्या फाटकाच्या आत जायचं नाही आणि मुलांचे फोटो काढायचे नाहीत. कडेने जाणाऱ्या वाटेवर एका ठिकाणी झाडी उघडते आणि खाली मंदिराचं आवार, त्यापुढे झाइमोकुझा-युइगाहामाची वळणदार किनार, पलीकडे इनामुरागासाकीचं भूशिर, एनोशिमा, आणि हवा स्वच्छ असेल तर त्या सगळ्यामागे फुजी. स्वच्छ हवेची खात्री हिवाळ्याच्या सकाळी. उन्हाळ्यात धुरकं असतं, फुजी मागितलाच तर निराशा.

ही वाट माहीत असण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. कामाकुरा थेट समुद्राच्या तोंडावर वसलेलं आहे आणि १९२३ च्या मोठ्या भूकंपात इथे सुनामी आली होती. जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली तर भोंग्याची वाट न बघता वर चढायचं. किनाऱ्यावर लाल-पांढऱ्या चौकटींचा झेंडा हलताना दिसला तर तोच सुनामीचा इशारा. खांबांवर त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. एकदा नजर टाकून ठेवा, एवढंच. घाबरून मजा घालवायची गरज नाही.

१०. किनारा आणि वाकाएजिमा

टेकडीवरून खाली उतरून रस्ता ओलांडला की किनारा. मंदिराकडे पाठ करून उभं राहिलं की डावीकडच्या टोकाला दगडांची एक जीभ समुद्रात गेलेली दिसते. तेच वाकाएजिमा.

किनारा उथळ असल्यामुळे मोठी जहाजं लागायची नाहीत, वादळात फुटायची. ओआमिदाबुत्सु नावाच्या भिक्षूने वर्गणी गोळा करून धक्का बांधायचं मनावर घेतलं, होजो यासुतोकी यांनी मदत केली आणि १२३२ साली दगड रचून तो पुराही झाला, महिनाभरात. आमच्या गावच्या साकवाचं काम मी शाळेत असताना सुरू झालं आणि नोकरीला लागले तेव्हा उरकलं, त्यामुळे हा महिना मला फार बोचतो.

आज तिथे बघायला काय आहे? खरं सांगायचं तर गोटे. डोक्याएवढे, कलिंगडाएवढे, हिरव्या शेवाळात बुडालेले. भिंत नाही, पायऱ्या नाहीत, फक्त काठावर एक दगडी फलक. ज्यांना तटबंदी बघायची आहे त्यांची निराशा होईल. पण वाकून बघितलं की हे गोटे किनाऱ्याच्या वाळूचे नाहीत, कोणीतरी आणून टाकलेत, हे लक्षात येतं. फटींत खेकडे, गोगलगाई, ओहोटीत अडकलेली बोटभर मासळी. लहान मुलं इथून हलत नाहीत. या भागातल्या वाळूत कधीकधी हिरवट झिलईचे खापरांचे तुकडेही वर येतात, चीनहून आलेल्या भांड्यांचे, सोंग राजवटीच्या काळातले. दिसला तर बघा आणि तिथेच ठेवा. दगडही उचलायचे नाहीत, ही संरक्षित जागा आहे.

बुटांचं आता सांगते. शेवाळ साबणासारखं असतं. चप्पल घालून गेलेल्या माझ्या भाच्याच्या गुडघ्यावर अजून खूण आहे. आणि घड्याळावर लक्ष ठेवा: ओहोटीच्या वेळेच्या एक तास आधी जा, वेळ झाल्यावर अर्ध्या तासात परत फिरा. पाणी परत येतं ते समोरून नाही, गोट्यांच्या मधल्या फटींतून, बाजूंनी, गुपचूप.

११. डबा कुठे उघडायचा

वाळूवर नाही. इथल्या घारी हा कामाकुराचा सगळ्यात कसलेला चोर आहे. समोरून येत नाहीत. पाठीमागून, आवाज न करता, पंखाचा एक फटका कानाजवळ लागतो आणि हातातलं गेलेलं असतं. माझी मेथीची पोळी गेली. लोणच्यासकट. घार ती घेऊन माझ्या डोक्यावर दोन चकरा मारून एनोशिमाच्या दिशेने गेली, आणि बाजूला बसलेल्या जपानी आजोबांनी सवयीने आकाशाकडे बोट दाखवून मान हलवली. तोबी, ते म्हणाले. तोबी म्हणजे घार. हा शब्द मी कुठल्याही वर्गात शिकले नसते.

किनाऱ्यावर सूचनेच्या पाट्या आहेत. त्या खऱ्या समजा. नखं लागून हात फाटू शकतो, मुलांच्या हातात बिस्किटसुद्धा देऊ नका. खायचंच असेल तर छपराखाली, भिंतीला पाठ लावून. मंदिराच्या आवारात डबा उघडू नका.

१२. परतीची युक्ती

दुपारनंतर कामाकुरा स्टेशनला पुन्हा जाऊ नका. बस गर्दीत अडकते, फलाटावर पाय ठेवायला जागा नसते आणि टोकियोपर्यंत तासभर उभं राहावं लागतं. सकाळी ज्या बसने आलात तीच पुढे, त्याच थांब्यावरून, कोत्सुबोच्या कोळीवाड्यातून झुशी स्टेशनला जाते. रस्ता चिंचोळा, चालक बस अशी वळवतो की घरांच्या खिडक्यांतली वाळत घातलेली मासळी हाताला लागेल असं वाटतं. झुशी हे कामाकुराच्या पुढचं स्टेशन. योकोसुका आणि शोनान-शिंजुकू, दोन्हीकडच्या बऱ्याच गाड्या तिथूनच सुटतात. गाडी फलाटावर उभी असते, दारं उघडी, डबा रिकामा. खिडकीची जागा धरा, ओले मोजे बदला. पाचेक मिनिटांनी कामाकुरा येईल, आणि फलाटावरची ती सगळी माणसं तुमच्याकडे बघतील.